वन्संच्या खोलीसाठी भिंग

४ फेब्रुवारी

ही वही दोन वर्षं कोरी पडली होती. आज उघडली, कारण कुणाला तरी सांगायला हवंय आणि मी ज्यांना सगळं सांगते त्यांच्याचबद्दल सांगायचंय.

सकाळी चहा पिता पिता वन्सं म्हणाल्या, "धाकटी बोलावतेय. कायमचीच ये म्हणते. जाऊ का?"

मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "तुमची मर्जी."

दुसरं काय म्हणणार? वन्सं माझ्या मोठ्या नणंद. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून, म्हणजे सदतीस वर्षं, आम्ही एका छपराखाली आहोत. त्यांनी लग्न केलं नाही. चाळीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी केली आणि घरी येऊन माझ्या चुका काढल्या. हे जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही दोघीच. धाकट्या वन्संकडे मुलगा, सून, नातवंडं, गजबजलेलं घर आहे. तिकडे जावंसं वाटलं तर मी कोण अडवणारी?

वन्संनी चहा संपवला. मग म्हणाल्या, "माझी खोली रिकामी होईल."

आणि मला काय झालं कोण जाणे, मी पटकन बोलून गेले, "बरंच होईल. मला सोल्डरिंगला जागा हवीच होती."

सोल्डरिंग. टेलिफोनच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं तारा जोडल्या, आणि निवृत्त झाले त्या दिवशी याच घरात म्हटलं होतं की आता पुन्हा तो धूर नाकात गेला तर बघा. दोन वर्षांत सोल्डरिंगच्या आयर्नला हात लावलेला नाही. पण तोंडातून गेलं ते गेलं. वन्संनी कप विसळून पालथा घातला आणि म्हणाल्या, "उत्तरेची खिडकी आहे. उजेड चांगला मिळेल तुला."

म्हणजे त्यांचं ठरलेलंच होतं. मला विचारलं ते आपलं नावाला. एकतीस मार्चला टेंपो सांगायचा, असं ठरलं.

६ फेब्रुवारी

बोललेलं निभवायला हवं, नाहीतर वन्सं म्हणायच्या की मी थापा मारते. बाजारात जाऊन हौशी लोकांसाठी मिळतो तो रेडिओचा संच आणला. मोकळा बोर्ड, पार्टची पाकिटं, आणि एक नकाशा. रेडिओच घेतला, कारण एप्रिलपासून घरात कुणी बोलणारं नसेल.

दुकानदार म्हणाला, "मावशी, यातले पार्ट अगदी बारीक आहेत हं. डोळे कसे आहेत?" मी म्हटलं, तुझ्यापेक्षा बरे आहेत.

घरी येऊन पाकीट फोडलं तर आत काहीच नाही. दोनदा झटकलं. मग लक्षात आलं की टेबलावर पडलेले कण म्हणजेच पार्ट. आमच्या वेळी रेझिस्टर चांगला चिमटीत यायचा, त्याला दोन पाय असायचे, अंगावर रंगाचे पट्टे असायचे. हे म्हणजे तीळ. त्यांना पायच नाहीत, कडेला नुसतं रुपेरी काहीतरी आहे, ते बोर्डावर टेकवून सोल्डर करायचं. मी नीट बघायला वाकले, श्वास सोडला आणि चार पार्ट उडून गेले. तीन सापडले.

९ फेब्रुवारी

जवळच्या चष्म्यावर यांचा जुना चष्मा चढवून बघितलं. जरा मोठं दिसतं. वन्सं पेपर वाचत होत्या, वरून बघून म्हणाल्या, "दोन चष्म्यांनी दुप्पट दिसत नाही. दुप्पट घसरतं."

घसरलेच. पण म्हणायची काही गरज होती का?

१३ फेब्रुवारी

डोक्याला बांधायचं भिंग आणलं. कपाळावर पट्टा, पुढे डोळ्यांवर उतरणारं काचेचं झापड, आणि वर छोटा दिवा. सोबत पाच काचा, कमी-जास्त ताकदीच्या. मी सगळ्यात जास्त ताकदीची लावली. घ्यायचंच तर कमी कशाला घ्या?

पार्ट खरंच मोठा दिसला. मन हरखलं अगदी. फक्त तो दिसायला नाक बोर्डाच्या वीतभरही अंतरावर ठेवून चालत नाही, आणखी जवळ न्यावं लागतं. मग आयर्न कुठून घालायचं? नाकाच्या आणि बोर्डाच्या मधून. तसं घातलं. पहिला जोड झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला चर्र आवाज आला आणि केस जळल्याचा वास सुटला. डाव्या भुवईचं टोक गेलं.

वन्सं आतून म्हणाल्या, "ताकद मोठी घेतली की अंतर कमी होतं. शिकवावं लागतं का हे?"

दार लावून घेतलं.

१५ फेब्रुवारी

भुवई पेन्सिलने पूर्ण केली. वन्संनी जेवताना बघितलं, हसल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

२० फेब्रुवारी

वन्सं भाजीला गेल्या होत्या तेव्हा त्यांच्या खोलीत जाऊन मापं घेतली. खिडकीखाली चार फुटांचं टेबल बसेल. पलंग काढला तर शेजारी घडवंचीही मावेल. टेप गुंडाळत होते तोच त्या दारात. पिशवी हातात तशीच.

"किती भरली?" म्हणाल्या.

"चार फूट दोन इंच."

"पडदा काढून मोज. पडद्याची दांडी दोन इंच खाते." आणि स्वतःच स्टुलावर चढून पडदा काढायला लागल्या. एकाहत्तराव्या वर्षी. मी ओरडले, उतरा खाली. त्या उतरल्या. पुन्हा मोजायचं राहिलंच.

संध्याकाळी फोनवर धाकट्या वन्संशी बोलत होत्या. मी बाहेरच्या खोलीत इस्त्री करत होते, तेवढं एक वाक्य कानावर आलं. "नाही गं, आता नाही म्हणायला तोंड कुठे आहे, तिने खोलीचं मापसुद्धा घेतलं."

मापं घेतली याचीसुद्धा तक्रार. आधी विचारून घ्यायला हवी होती हे कबूल. पण बहिणीला सांगण्याएवढं काय होतं त्यात?

२४ फेब्रुवारी

भिंगाच्या दुकानात गेले. हा दुकानदार वेगळा, फक्त भिंगं, दुर्बिणी, घड्याळवाल्यांचं आणि सोनारांचं काचसामान विकतो. बोलणं मोजकं, आणि मावशी म्हटल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. त्याने दिव्याचं भिंग दाखवलं. टेबलाच्या कडेला आवळायचं, लांब वाकता हात, टोकाला बशीएवढी काच आणि काचेभोवती गोल दिवा.

"किती पट?" मी विचारलं.

"दोन पट, मावशी. पण हाताला जागा भरपूर."

दोन पट म्हणजे काहीच नाही. तरी आणलं, कारण भुवई अजून एक शिल्लक आहे.

२५ फेब्रुवारी

काम बरं होतंय. मान दुखत नाही. मोठे पार्ट लागले, नऊ जोड झाले. तिळांना मात्र दोन पट पुरत नाही. ते दिसतात, पण सोल्डर नीट बसलंय का ते कळत नाही.

आज मजेत गेला दिवस. सोल्डरचा वास आला आणि वर्कशॉपमधल्या बायकांची आठवण झाली. आम्ही सोळा जणी एका ओळीत बसायचो, आणि तोंडं हातांपेक्षा जास्त चालायची.

२७ फेब्रुवारी

हे लिहायला लाज वाटते, पण वहीत नाही लिहायचं तर कुठे. दिव्याचं भिंग मी बाहेरच्या खोलीतल्या जेवणाच्या टेबलाला लावलं होतं आणि झाकण न घालता आंघोळीला गेले. सकाळचं ऊन थेट त्या टेबलावर येतं. केस पुसत बाहेर आले तर खोलीत धूर, आणि वन्सं पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभ्या. टेबलक्लॉथला बोटभर लांब भोक पडलेलं, कडा काळ्या. ऊन सरकलं तसं भोक सरकत गेलेलं.

अर्धा तास उशीर झाला असता तर?

वन्संनी खुर्ची ओढून मला बसवलं. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "उन्हात भिंग उघडं टाकत नाहीत. आमच्या लॅबमधल्या झाडूवालीलाही माहीत होतं."

पाणी द्यायचं आणि मग बोलायचं, ही त्यांची जुनी रीत. पण आज मी उलटून बोलले नाही. त्यांनी आपल्या जुन्या ओढणीची पिशवी शिवून भिंगावर चढवली. शिलाई बघत राहावी अशी. एप्रिलनंतर असं काही झालं तर तांब्या घेऊन कोण येणार, असा विचार आला आणि पिशवी नीट चढलीय का ते मी तीनदा बघितलं. आगीचा धसका म्हणायचा, दुसरं काय.

५ मार्च

खूप विचार करून पडद्याचा मायक्रोस्कोप आणला. खाली नळी, वर टीव्हीसारखा छोटा पडदा. खोक्यावर लिहिलंय, हजार पट. भिंगवाला म्हणाला होता, "मावशी, आकड्यावर जाऊ नका." पण मला वाटलं, त्याला महागातलं काहीतरी गळ्यात मारायचंय.

हजार पटीत बघितलं तर पडदाभर नुसतं करडं काहीतरी दिसलं. पार्टचा तो कोणता भाग, कोण जाणे. कमी करत करत आणलं तेव्हा पार्ट दिसला. वा, छान. चिमटा आत घातला. चिमटा पडद्यावर दिसत नाही. मी चिमटा पुढे नेला, तेव्हा तो पडद्यावर निघाला. मी थांबले, तेव्हा तो पोहोचला. पडद्यावरचा हात माझ्या हाताच्या मागून येतो. पार्ट गेला उडून.

शिवाय नळी आणि बोर्ड यांच्यात अंगठाही उभा राहत नाही एवढी फट. तिसऱ्या जोडाला आयर्न नळीच्या प्लास्टिकला टेकलं. नळीला आता एक छान खळी पडली आहे.

वन्सं मागे येऊन पडद्याकडे बघत उभ्या होत्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. बोलल्या नाहीत. जाताना पडद्यावरचा एक डाग बोटाने पुसला.

बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

९ मार्च

अखेर दोन डोळ्यांचा मायक्रोस्कोप. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निघालेला, भिंगवाल्याने साफसूफ केलेला. जड, काळा, मजबूत. वर दोन नळ्या, दोन्ही डोळ्यांनी बघायचं, आणि काचेखाली चांगली चार बोटं जागा. सात पटीपासून पंचेचाळीस पटीपर्यंत, एक मूठ फिरवायची की झालं.

रिक्षावाल्याने उचलून आणून दिला. वन्सं दारात होत्या. त्यांनी मायक्रोस्कोपकडे बघितलं ते एखादं ओळखीचं माणूस बऱ्याच वर्षांनी भेटावं तसं. "वजन चांगलंय," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी पंचेचाळीसवर लावून बघितलं. दोन गोल दिसतात. एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये काळी चंद्रकोर. डोकं हलवलं की सगळंच गायब. शेवटी उजवा डोळा मिटून डाव्याने बघत बसले.

"एकाच डोळ्याने बघायचं असेल तर अर्धे पैसे परत माग," वन्सं. या बाईच्या टोमण्यांना कधी सुट्टी नाही.

११ मार्च

काल संध्याकाळी नळ्यांमधलं अंतर मोठ्या कष्टाने माझ्या डोळ्यांपुरतं जमवलं होतं. सकाळी बघते तर नळ्या जवळ सरकलेल्या. मूठही पंचेचाळीसवरून दहावर. पुन्हा जमवलं. दुपारी झोपून उठले, तर पुन्हा तेच.

मायक्रोस्कोप काही दुकानापर्यंत उचलून नेता येत नाही. भिंगवाल्यालाच बोलावलं. तो आला, स्क्रू बघितले, म्हणाला, "सगळं घट्ट आहे, मावशी. आपोआप नाही सरकत. घरात आणखी कुणी बघतं का?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "एक नणंद आहेत, त्यांना यात काडीचा रस नाही."

त्याने वन्संच्या बंद दाराकडे बघितलं आणि म्हणाला, "मग राहू दे, मावशी. चांगलं चालू आहे." दुकानदार म्हणजे असेच, एकदा गळ्यात मारलं की झालं.

१५ मार्च

आज वाईट दिवस.

बाजारातून आले तर वन्संच्या खोलीत काही नाही. कपाट रिकामं. पलंगाच्या फळ्या सुट्या करून भिंतीला टेकवलेल्या. गादी बाहेरच्या खोलीत दिवाणावर. दोन ट्रंका, एक खोकं, आणि त्यावर त्यांचं रोजचं पांघरूण घडी करून.

"अजून पंधरा दिवस आहेत," मी म्हटलं.

"तुझं काम अडलंय. जेवणाच्या टेबलावर किती दिवस करशील? मी झोपेन इथे, मला काय लागतं?"

मी आत जाऊन उभी राहिले. भिंतीवर पलंगाच्या डोक्याची जागा दिसत होती, तेलाचा डाग, सदतीस वर्षांचा. खिडकीतून उजेड अगदी सारखा, सावली न पाडणारा. सोल्डरिंगला याहून चांगली खोली शोधून सापडणार नाही. आणि मला तिथे दोन मिनिटं उभं राहवेना. टेबल आत आणायचं सोडून मी बाहेर आले आणि म्हटलं, "या खोलीत उजेड बरोबर नाही."

"उत्तरेची खिडकी आहे ती."

"असू दे. मला नाही दिसत तिथे."

"तुला कुठेच दिसत नाहीये," वन्सं म्हणाल्या.

यावर मी भांडायला तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "नाहीच दिसत. महिना झाला, चार भिंगं झाली, बोर्ड अर्धासुद्धा झाला नाही. तुम्ही का नाही दाखवत मला? चाळीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलात ना?"

"तू विचारलंस कधी?"

खरंच नव्हतं विचारलं. सगळ्या दुकानदारांना विचारून झालं होतं.

मग आम्ही दोघींनी मिळून पलंग पुन्हा जोडला. वन्सं म्हणाल्या, पंधरा दिवस दिवाणावर कंबर धरेल. मीही तेच म्हणणार होते. पलंगाचे बोल्ट मी आवळले, घट्ट.

१६ मार्च

मायक्रोस्कोप वन्संच्या खिडकीखाली. पलंगही तिथेच, सरकवून. चार फुटांचं टेबल बसतं पलंगासकट. उगाच मापं घेतली होती.

पहिला धडा. वन्संनी मूठ पंचेचाळीसवरून दहावर आणली. मी म्हटलं, मग पंचेचाळीसचे पैसे कशाला दिले? म्हणाल्या, "आम्ही शोधायचो दहावर. खात्री करायची तेवढी वर जाऊन. सबंध दिवस वर बसलं की माणूस रस्ता चुकतो."

मग नळ्या. "दोन्ही डोळे उघडे. ताणू नकोस. लांब डोंगराकडे बघतेस तसं बघ. आता नळ्या हळूहळू जवळ आण. दोन गोलांचा एक झाला की थांब."

मी सरकवत गेले. आणि एकदम दोनाचा एक झाला. काळी चंद्रकोर नाही, काही नाही. तीळ तीळ राहिला नाही, चांगला विटेएवढा झाला, उंचीसकट. सोल्डरची चकाकी दिसली, आणि आयर्नचं टोक आत आलं ते माझ्याच हाताबरोबर, मागून नाही. मला हसूच फुटलं. वन्सं म्हणाल्या, "मनगट टेबलाला टेकव. हवेत कुणाचाच हात स्थिर नसतो." टेकवलं. जोड झाला. दुसरा झाला. जेवायची आठवण राहिली नाही.

मग मला उठवून त्या बसल्या. न विचारता नळ्या जवळ सरकवल्या, त्यांच्या डोळ्यांपुरत्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भिंगवाल्याची मनातल्या मनात माफी मागितली.

"सगळं सरळ दिसतं यात," वन्सं नळ्यांत बघतच म्हणाल्या. "आमच्या लॅबमधल्यात डावं ते उजवं असायचं. मजा आहे."

१९ मार्च

रोजचा क्रम बसलाय. सकाळी चहा, भाजी, मग दहा ते एक आम्ही दोघी खिडकीपाशी. मी सोल्डर करते, वन्सं चिमट्याने पुढचा पार्ट पालथा आहे की उताणा ते बघून ठेवतात. त्यांचा हात एवढा सरळ चालतो की बघत बसावं. त्यांना मी वर्कशॉपमधल्या गोष्टी सांगते. त्या लॅबमधल्या सांगतात. सदतीस वर्षांत त्यांनी मला सांगितलं नव्हतं की एकदा सगळ्यांनी ठीक म्हणून बाजूला ठेवलेल्या काचपट्टीत त्यांना एक रोगट पेशी दिसली होती, आणि त्यामुळे एक शाळकरी मुलगी वाचली. मी म्हटलं, एवढं मोठं काम, घरी कसं नाही सांगितलं? म्हणाल्या, "घरी कुणी विचारायचं नाही. स्वयंपाकात मीठ जास्त झालं एवढंच बोलायला मिळायचं."

मला फार वाईट वाटलं. मीठ जास्त झालं म्हणाल्या म्हणून मी त्यांच्यावर किती वेळा फुगून बसले असेन.

२२ मार्च

आज म्हणणार होते, राहा. सकाळपासून ठरवलं होतं. तोंडातून आलं, चहा टाकू का.

धाकट्या वन्संचा फोन आला. तिकडे खोली रंगवून घेतली म्हणे. वन्सं "हो, हो" म्हणत होत्या. फोन ठेवल्यावर बराच वेळ चिमटा पुसत बसल्या, तो स्वच्छच होता. उगाच गडबड नको म्हणून मी तिथून उठून गेले. जायची तयारी मनात चालू असेल त्यांच्या.

२४ मार्च

म्हटलं एकदाचं.

दहापटीवर होते, दोन्ही डोळे नळ्यांना. समोर फक्त बोर्ड दिसतो, माणसाचं तोंड दिसत नाही, म्हणून जमलं असेल. वन्सं शेजारी होत्या. मी आयर्न टेकवून सोल्डर वितळायची वाट बघत म्हटलं, "वन्सं, जाऊ नका."

सोल्डर वितळलं, पसरलं, चिपच्या शेजारशेजारच्या दोन पायांवर गेलं.

"हात हलला तुझा," वन्सं म्हणाल्या.

बस, एवढंच. दिवसभर वाट बघितली. जेवताना भाजीविषयी बोलल्या, पडद्याच्या दांडीविषयी बोलल्या. म्हणजे उत्तर नाही असंच समजायचं. मी विचारलं ना पण. विचारायचं राहून गेलं असं तरी नाही आता.

२५ मार्च

बोर्ड पुरा झाला. सेल घातले. रेडिओ मुका. खरखरसुद्धा नाही. मला एवढी निराशा आली की आयर्न बंद करून आडवी झाले. वन्सं म्हणाल्या, "नमुना ठेव माझ्याकडे," आणि दार लोटून घेतलं.

२६ मार्च

सकाळी टेबलावर रेघी कागद होता. वन्संचं लॅबमधलं अक्षर, मी ते कधी बघितलंच नव्हतं. किराण्याच्या यादीचं अक्षर वेगळं असतं. इथे उतरवून ठेवते.

नमुना: रेडिओचा बोर्ड, एक. पाठवणार: भावजय. तपासलेले जोड: बेचाळीस. ठीक: छत्तीस. कच्चे: चार, क्रमांक सात, सतरा, अठरा, तीस. चिकटलेले: दोन, तेवीस आणि चोवीस. शेरा: हात चांगला आहे, घाई आहे. पुढील तपासणी: बारा एप्रिल. खाली सही.

मी तीनदा वाचलं. तेवीस-चोवीस म्हणजे तो परवाचाच जोड. मग तारीख खटकली. कागद घेऊन आत गेले. वन्संची ट्रंक उघडी, पलंगावर कपड्यांच्या चळती. मी म्हटलं, "वन्सं, तारीख चुकलीय. बारा एप्रिलला तुम्ही इथे कुठे असाल?"

त्यांनी वर बघितलं नाही. हातातली साडी कपाटात ठेवली, तिच्यावर दुसरी ठेवली.

"चाळीस वर्षं रिपोर्ट लिहिले," म्हणाल्या. "तारीख एकदाही चुकलेली नाही."

मी पलंगावर बसले आणि मला रडू आलं. चांगलं जोरात. वन्सं म्हणाल्या, "त्या चळतीवर बसलीस, इस्त्री मोडेल," आणि मला जागचं उठवलं नाही. शेजारी बसून राहिल्या. त्यांचेही डोळे ओले होते, पण त्यावर बोलायची माझी हिंमत नाही.

दुपारी धाकट्या वन्संचा फोन वाजला. वन्सं हात पुसत उठायला लागल्या. मी म्हटलं, बसा, मी घेते.

"ताई कधी निघतेय?" त्यांनी विचारलं. "खोलीला पडदेसुद्धा लावलेत मी."

"त्या येत नाहीत," मी म्हटलं. "माफ करा, तुम्ही एवढी तयारी केलीत."

"का? तब्येत बरी नाही का? तुला तर खोली हवी होती ना?"

वन्सं दारात येऊन उभ्या होत्या. फोनच्या आड लपायला मायक्रोस्कोपसारखी सोय नाही, तोंड समोरच होतं. मी त्यांच्याकडे बघतच म्हटलं, "खोली नको होती मला. मला त्या इथे हव्या आहेत."

पलीकडून धाकट्या वन्सं म्हणाल्या, "मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुला? ती बिचारी महिनाभर माझ्याकडे फोनवर रडतेय."

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी वन्संकडे बघितलं, तर त्या खिडकीकडे वळल्या होत्या.

"तेवीस-चोवीस सोडवायला घे," पाठमोऱ्याच म्हणाल्या. "आयर्न तापलंय."